पांढरा ठिपका

कंपनीत जयमालाच्या उजव्या हाताला मैत्री उभी असायची. डावीकडून कोरा पिस्टन यायचा. जयमालानं त्याच्या खाचांत रिंगा चढवायच्या, आतल्या बाजूला पिवळ्या मार्करनं बारीक ठिपका द्यायचा आणि पिस्टन उजवीकडं सरकवायचा. मैत्रीनं त्याला रॉड जोडायचा, आडवी पिन घालायची, पिन सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही तोंडांशी तारेचं एकेक लॉक बसवायचं आणि रॉडवर पांढरा ठिपका द्यायचा. मैत्रीच्या पुढं आणखी कुणी, त्याच्या पुढं आणखी कुणी. ठिपका पडला की पुढच्यानं बोट घालून बघायचं नाही. बघत बसलं तर लाइन थांबते, आणि लाइन थांबली की सुपरवायझरचं तोंड सुरू होतं. ठिपका म्हणजे शब्द.

जयमाला या कामाला लागली तेव्हा तिची मुलगी अंजली चौथीत होती. आता अंजली नाशिकला नर्सिंग शिकत होती. एवढ्या वर्षांत किती पिस्टन हाताखालून गेले याचा हिशोब कंपनीनं ठेवला असेल, जयमालानं ठेवला नव्हता. पण सगळं जोडून झालेलं, धडधडणारं इंजिन तिनं कधी जवळून पाहिलं नव्हतं. जन्मभर नुसता कांदा चिरून द्यावा आणि भाजी कधी बघूच नये, तशातली गत.

घरच्या इंजिनाची गोष्ट निघाली ती गौरी जेवून गेल्यावर. पावसानं पाठ फिरवली होती. आभाळ रोज भरून यायचं आणि चाकणच्या गोदामांवरून तसंच कोरडं पुढं जायचं. इंद्रायणीच्या काठाला, आळंदीच्या अलीकडं, त्यांची मळई होती, गाळाची जमीन. बाकीचं रान केव्हाच पत्र्याच्या शेडखाली गेलेलं. नदीला चिकटलेला हा एवढाच पट्टा शेडवाल्यांनी नको म्हटला, म्हणून उरलेला. त्यात या वर्षी झेंडू होता. दसऱ्यासाठी. रोपं गुडघ्याला आली होती, कळी धरत होती, आणि पानं दुपारी कान पाडून उभी राहायची.

नदीत पाणी होतं. वर साबणाचा फेस होता, पण खाली पाणी होतं. ते वर चढवणारी मोटारही होती. मोटारीची केबल मात्र चोरांनी तांब्यासाठी कापून नेली. नवी टाकली, तीही नेली.

"तिसरी टाकायची म्हंजे चोरांना पगारावर ठेवल्यागत झालं," सासरे आबाजी म्हणाले.

शेजाऱ्यांचं मशीन मागावं, तर शेजारी उरले नव्हते. डाव्या बाजूला गोदाम, उजव्या बाजूला कंटेनर उभे करायचा तळ.

तो झेंडू रोहिदासनं लावला होता. म्हणूनच तो जगायला हवा होता. नाहीतर झेंडूवाचून कुणाचं अडतं?

रोहिदास जयमालाचा नवरा. एका बारक्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. होळीच्या आधी प्रेस खाली आली आणि उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली. आंगठा आणि करंगळी तेवढी उरली. तेव्हापासून तो हात खिशात असायचा, नाहीतर रुमालात. गोदामाच्या गेटवर वॉचमनची जागा होती. तिथल्या साहेबानं हात बघितला आणि "कळवतो" म्हणाला. अजून कळवतच होता. गणपतीत मांडवात तीर्थ घ्यायला रोहिदासनं डावा हात पुढं केला, तर भटजी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "उजवा, उजवा." मागं रांग होती. रोहिदास रांगेतून बाहेर पडला. चपला घालून थेट मळईत गेला आणि अंधार पडेस्तोवर तण उपटत बसला. डाव्या हातानं.

आषाढात तो आपणहून म्हणाला होता, "आबा, औंदा झेंडू लावतो मी." डाव्या हातातल्या खुंटीनं भोक पाडायचं, रोप सोडायचं आणि उजव्या आंगठ्यानं माती दाबायची. अख्खा पट्टा त्यानं असा एकट्यानं लावला. जयमाला मदतीला वाकली तर म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे." तिनं राहू दिलं. दाबायला आंगठा उरला आहे तो बरा, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यावरही आपण समाधान मानायला शिकलो याचं तिला रडू आलं.

तर असा तो झेंडू होता.

"इंजिन हाय की आपलं," एक दिवस भाकरी मोडता मोडता आबाजी म्हणाले.

इंजिन होतं, गोठ्यात. नदीवर वीज आली नव्हती त्या काळातलं, पेट्रोलवर सुरू करायचं आणि रॉकेलवर चालवायचं. रॉकेल आता औषधालाही मिळत नाही. पोत्यांखाली ते कित्येक वर्षं बसून होतं आणि कोंबडी त्याच्यावर अंडी घालायची. त्या घरातलं तेवढंच त्याचं उत्पन्न.

"फिरतंय का बघा की," जयमाला म्हणाली.

रोहिदासनं डाव्या हातानं चाक फिरवून बघितलं. हलेना. म्हशीसारखं ढिम्म.

"उघडाय लागंल," तो म्हणाला.

"म्या त्ये कदी उघडलं न्हाई," आबाजी म्हणाले. "मिस्तरी यायचा राजगुरुनगरचा. त्यो गेला वारून."

पुनावळ्यापासून चाकणपर्यंत विचारून झालं. सगळे मिस्त्री आता स्कूटरचे आणि गाड्यांचे. काळेवाडीत विक्कीचं जुन्या सामानाचं दुकान होतं, त्याच्याकडं रिंगा, पिन, लॉक, पॅकिंग असं किट तेवढं निघालं. "सामान देतो वहिनी, पण बसवायला माणूस नाही आपल्याकडं," विक्की म्हणाला. "मोबाईलवर बघून करा. आजकाल लोक बाळंतपणं करतात मोबाईलवर बघून."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत जयमालानं मैत्रीला विचारलं, "लॉक कसं बसवतेस गं?"

"का? माझी जागा घेतेस का ताई?" मैत्री हसली. ती काळेवाडीतून बसनं यायची, तोंडाची तिखट, हाताची हलकी. मग इंजिनाचं ऐकल्यावर गंभीर झाली. "हे बघ. आधी एक टोक खाचेत अडकवायचं. मग आंगठ्यानं दाबत दाबत आत. टक् असा आवाज आला की बसलं. आणि समोर दुसरा हात आडवा धरायचा, काय? उडतं मेलं. उडालं की घावत नाही. नवीन होते तेव्हा माझी रोज उडायची. एकदा सुपरवायझरच्या चहात पडलं."

"मग?"

"मग काय, प्याला तो. लोखंड चांगलं असतं अंगाला."

सुट्टी संपताना मैत्रीनं जयमालाच्या एप्रनच्या खिशात दोन जुने मार्कर सरकवले, एक पिवळा, एक पांढरा. "ठिपके द्या गं घरी पण. नाहीतर इंजिनाला वाटायचं, अनाथ आहोत."

पहिल्या शिफ्टवरून ती घरी आली की दुपारी काम चालायचं. गोठ्यात गोणपाट अंथरलेलं, मोबाईल परातीला टेकवून उभा केलेला. त्यातला सरदारजी दुसऱ्याच कुठल्या इंजिनाबद्दल सांगत होता, पण "टेंशन नहीं लेना" एवढं त्याचं सगळ्या इंजिनांना लागू होतं. जयमाला नट सोडायची. रोहिदास सांगायचा, कुठला आधी, कुठला मागून. जोर लागला की त्याचा डावा हात पान्यावर तिच्या हातावर यायचा. होळीपासून त्यांचे हात असे एकत्र आलेच नव्हते.

वरचं झाकण, हेड, निघालं. खाली काजळी, कोळशासारखी. पिस्टन अडकून बसलेला. त्याच्यावर रॉकेलऐवजी डिझेल ओतून ठेवलं, मग लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकला. आबाजी व्हॉल्व घासायला बसले. मातीसारखं मलम लावायचं आणि दोन्ही तळव्यांत दांडी धरून मागंपुढं फिरवायची.

"ताक घुसळल्यावानी हाय," ते म्हणाले. त्यांना त्यात गंमत वाटायला लागली होती. "तुझी सासू असती तर म्हनली असती, लोणी निघालं का?"

रिंगांची पाळी आली तेव्हा मात्र कुणी काही सांगायची गरज उरली नाही. जयमालानं पिस्टन मांडीत धरला, रिंग दोन आंगठ्यांनी किंचित फाकवली आणि ती खाचेत जाऊन बसली. दुसरी. तिसरी. तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत, एकमेकींकडं पाठ करून, भांडलेल्या जावांसारखी. बाप-लेक बघत राहिले.

"आगं," आबाजी म्हणाले, "डोळं झाकून करतीस व्हय!"

"दुसरं येतंय काय मला?" ती म्हणाली. पण कान गरम झाले होते. घरातल्या माणसांनी आपलं काम बघितलं, असं आजवर झालं नव्हतं. तिनं आतल्या बाजूला पिवळा ठिपका दिला आणि हात आपोआप उजवीकडं गेला. पिस्टन सरकवला.

उजवीकडं मैत्री नव्हती. रोहिदास होता.

त्यानं पिस्टन उचलला. "पिन आन् लॉक मी बसवतो."

ती थांबली. "अहो, ते बारीक असतं."

"आंगठ्यानं दाबायचं म्हनलीस न्हवं? आंगठा हाय मला."

तिनं मैत्रीचं सगळं पुन्हा सांगितलं, आधी एक टोक, समोर हात आडवा. रोहिदासनं रॉड डाव्या हातात धरला, पिन लावली, करंगळीनं रेटली. ती गेली. कपाळावर घाम आला होता. मग त्यानं लॉक उचललं. केसाच्या पिनेपेक्षा बारीक, गोल वळवलेली तार. आंगठा आणि करंगळीत ते धरायचा प्रयत्न केला, सुटलं, गोणपाटावर पडलं. पुन्हा उचललं. पुन्हा सुटलं. त्याच्या मानेची शीर दिसायला लागली.

आपण बघतोय हे त्याला नको आहे, हे जयमालाला कळलं. "चहा टाकते," म्हणून ती उठली.

चहा तिनं मुद्दाम सावकाश केला. आलं ठेचलं. कप दोनदा विसळले. बाहेर कंटेनरचा ड्रायव्हर रिव्हर्स घेत होता, त्याचं पिप-पिप किती तरी वेळ चाललं होतं. अंगणात बांधलेल्या म्हशीला पाणी दाखवलं. आणखी थोडा वेळ काय करावं सुचेना, तेव्हा ट्रे घेऊन गोठ्यात आली.

रोहिदास भिंतीला टेकून बसला होता. समोर पिस्टन, रॉड, जोडलेले. रॉडवर पांढरा ठिपका.

"बसलं?"

"बसलं," तो म्हणाला.

"दोन्ही?"

"व्हय की. ठिपका दिलाय न्हवं का."

आबाजी दारातून ओरडले, "झालं का रे? ऊन बघ काय पडलंय, झाडं वाळाय लागली."

जयमालानं पिस्टन हातात घेतला. एका बाजूचं लॉक तिला दिसत होतं, चमकत होतं. पलीकडची बाजू तिच्या तळव्याकडं होती. एक बोट फिरवलं असतं तर कळलं असतं. बोट निघालंही. पण रोहिदास तिच्याकडं बघत होता. बोट फिरवलं तर त्याला काय वाटेल, हे तिच्या मनात बोटाच्या आधी पोचलं. होळीपासून या माणसानं पहिल्यांदा काही तरी बसवलं होतं, आणि त्यावर तपासणी करायची? वर कंपनीची इतक्या वर्षांची सवय. ठिपका पडलाय, पुढं.

तिनं चहाचा कप त्याच्या डाव्या हातात दिला.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टा केला, त्यात रिंगा दाबल्या आणि पिस्टन ब्लॉकच्या नळीत, बोअरमध्ये, उतरवला. खालून रॉड आवळला. हेड, पॅकिंग, प्लग. दुसऱ्या दिवशी इंजिन हातगाडीवर घालून मळईत नेलं, पाइप नदीत सोडला, रॉकेल नाही म्हणून टाकीत पेट्रोलच ओतलं. रोहिदासनं चाकाला दोरी गुंडाळली आणि डाव्या हातानं ओढली. फुस्. पुन्हा. फुस्. कितव्यांदा कोण जाणे, एकदम खोकलं, निळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. काठावरचे बगळे उडाले. आबाजींनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

पाणी आलं. आधी फेस, मग गढूळ, मग पाणी. सरीतून ते जीभ काढत पुढं निघालं. भेगा पडलेली माती पाणी पिते तेव्हा आवाज येतो, बारीक चुटचुट. जयमाला कितीतरी वर्षांनी तो ऐकत होती. रोहिदास गोठ्यात जाऊन खोरं घेऊन आला आणि त्यानं दारं धरली. खोरं काखेत दाबून, डाव्या हातानं, एक सरी भरली की माती ओढून दुसरी मोकळी. पोटऱ्यांपर्यंत चिखल. मधेच त्याचा हात शर्टाच्या खिशाकडं जायचा, चाचपायचा, परत यायचा. तंबाखूची पुडी असेल, असं तिला वाटलं.

"अहो, बघा तरी!" तिनं इंजिनावरून ओरडून म्हटलं. "चालतंय!"

तो वळला. हसला नाही. "चालतंय," म्हणाला, आणि पुन्हा खिसा चाचपला.

"सूनबाईचं इंजिन!" आबाजी पलीकडच्या तळावरच्या ड्रायव्हरला सांगत होते. "घरी बनीवलंय. कंपनीचं न्हाई."

पट्टा एका दिवसात भिजण्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती शिफ्टवरून आली तेव्हा निम्म्याच्या वर झालं होतं. इंजिनाचा आवाज मात्र तिला बदलल्यासारखा वाटला. धडधडीच्या आत काही तरी दुसरं होतं. टक, टक, दारावर कुणी नखानं वाजवावं तसं.

"अहो, बंद करता का जरा?"

रोहिदास खोरं टाकून पळत आला. चपला न घालता, चिखलातून, असा पळताना तिनं त्याला पाहिला नव्हता. पण तो पोचायच्या आत इंजिनानं किंकाळी फोडली. लोखंडानं लोखंड खरवडल्याची. एक धक्का, थोडा धूर, आणि शांत. पाइपातलं पाणी मागं नदीत गेलं, त्याचा घळघळ आवाज तेवढा राहिला.

काठावरच उघडलं. आबाजी गुडघे धरून उकिडवे बसले होते. हेड काढलं तेव्हाच दिसलं: बोअरच्या भिंतीवर एका बाजूनं खोल चर पडला होता, नांगर फिरावा तसा. जयमालानं खालून रॉड सोडला आणि पिस्टन वर काढला. पिन एका बाजूनं बाहेर आली होती, टोकाला झिजून धारदार. त्या बाजूची लॉकची खाच मोकळी होती. मोकळी आणि स्वच्छ. लॉक तुटलं असतं तर खाच फाटली असती, तुकडे निघाले असते. तिथं कधी काही बसलंच नव्हतं.

आणि रॉडवर, तेलाखाली, पांढरा ठिपका.

रोहिदास तिच्या समोर उभा होता. तिनं वर बघितलं नाही. त्याचे चिखलाचे पाय दिसत होते, पायांची बोटं मातीत रुतलेली.

"काय झालं गं?" आबाजींनी विचारलं. "कशानं मेलं?"

तिच्या हातात पेट्रोलचं फडकं होतं. रॉड पुसावा तसा तिनं पुसला. आंगठ्याखाली पांढरा रंग आधी फिका झाला, मग गेला.

"एका बाजूचं लॉक ऱ्हायलं, मामंजी," ती म्हणाली. "मीच विसरले."

आबाजींना समजायला वेळ लागला. मग ते उठले. त्यांच्या गुडघ्यांचा कटकन आवाज झाला. "इसरली," ते म्हणाले. "एवढी वर्सं कंपनीत काय केलंस मग? चकल्या?"

ती काही बोलली नाही. रोहिदासही काही बोलला नाही. ते दुसरं न बोलणं तिला जास्त ऐकू आलं.

विक्कीनं ब्लॉक उलटासुलटा बघितला, चरात नख घालून बघितलं. "वहिनी, चर घासून काढायचा तर मोठा पिस्टन लागतो, याचा तो आता बनत नाही. ब्लॉकही नाही. भंगारात घाला." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "रिंगा मात्र एक नंबर बसवल्यात हां. कुणी बसवल्या?"

पुढं हंड्यांनी पाणी घातलं. शिफ्ट झाली की ती नदीवर जायची. रोहिदासनं बादलीची कडी उजव्या हाताच्या कोपरात अडकवायची पद्धत काढली. तिथं कातडी सोलून निघाली, त्यावर त्यानं फडकं बांधलं. दोघं एकामागून एक चढ चढायचे, एकामागून एक उतरायचे. बोलायला दम नसायचा, हे दोघांना सोयीचं होतं. वरच्या सरी आधी गेल्या. मग मधल्या. नदीलगतच्या थोड्या सरी तेवढ्या त्यांच्या हातून जगल्या, आणि त्यांनाही फुलं आली ती शर्टाच्या गुंडीएवढी.

आबाजींना गावात सांगायला गोष्ट झाली. देवळाच्या पायरीवर कुणी इंजिनाचं विचारलं की ते म्हणायचे, "सूनबाई लॉक इसरली." त्यात राग कमी होता आणि करमणूक जास्त, पण ऐकणारे हसायचे. पिठाच्या गिरणीत एक बाई जयमालाला म्हणाली, "काय गं, तुमच्या कंपनीच्या गाड्या चालवाव्यात का न्हाई आमी?" ती हसली. दुसरं काय करणार? दळण घेऊन घरी आली तर रोहिदास दारातच होता. त्यानं ते ऐकलं असावं, गिरणी समोरच होती. त्यानं डबा तिच्या हातातून घेतला, ठेवला आणि गोठ्यात निघून गेला.

कंपनीत एक सवय तिला लागली. पिस्टन सरकवला की मान वळायची. मैत्रीचे हात बघत राहायची, लॉक खाचेत जाताना, टक् होईपर्यंत. डावीकडं पिस्टन साचायला लागले.

"काय ताई," मैत्री एकदा म्हणाली, "माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर हाय गं."

"मग बघतेस काय?"

"सोपं दिसतं," जयमाला म्हणाली. "तू करतीस तेव्हा किती सोपं दिसतं."

मैत्रीनं तिच्याकडं नीट बघितलं. साचलेल्यांतले दोन पिस्टन आपल्याकडं ओढून तिनं स्वतःच रिंगा चढवल्या, वाकड्यातिकड्या. जयमालानं त्या काढून पुन्हा बसवल्या.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं. त्या दिवशी त्यांना हात लावून काम करायचं नाही. आबाजींनी आपला विळा मांडला, धारेनं झिजून चंद्रकोरीएवढा राहिलेला. मग कोयता, कुऱ्हाड, खोरं. जयमालानं पाना आणि पक्कड ठेवली, आणि जरा थांबून पिवळा मार्करही ठेवला. आबाजींनी मार्करकडं बघितलं, पण सणाचा दिवस म्हणून बोलले नाहीत. परातीत मळईतली फुलं होती. बाजारात नेली असती तर व्यापाऱ्यानं वजनालाही घातली नसती.

रोहिदास अंघोळ करून आला. उजव्या हाताला रुमाल नव्हता. तो पाटापुढं बसला आणि त्यानं डाव्या हातानं शर्टाच्या खिशातून काही तरी काढलं. मग ते उजव्या हातात घेतलं. आंगठा आणि करंगळी. बऱ्याच खटपटीनं घेतलं, एकदा निसटलं, मांडीवर पडलं, त्यानं ते पुन्हा उचललं. कुणी मदत केली नाही. विळ्याच्या शेजारी, पाटाच्या कडेला त्यानं ते ठेवलं.

तारेचं एक लॉक.

आबाजींना आता जवळचं नीट दिसत नव्हतं. "काय ठिवलंस रं त्ये?"

जयमालाच्या ओठावर उत्तर आलं होतं. काही तरी सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यात आता ती तरबेज झाली होती. पण तिनं रोहिदासच्या हाताकडं बघितलं. तो हात पाटावरच होता, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. ती गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला हंड्यांपेक्षा जड गेलं.

"लॉक हाय, आबा," रोहिदास म्हणाला. "इंजिनाचं. माज्या हातनं उडालं हुतं. घावंना. तवा बसलं म्हनून सांगितलं म्या."

आबाजींनी मान त्याच्याकडं वळवली.

"मागनं घावलं. पेंडीच्या पोत्यामागं. इंजिन चालू झाल्यावर, खोरं आनाय गेलो तवा." त्यानं करंगळीनं लॉक सरळ केलं. "पानी चाललं हुतं. बंद करा म्हनाय तोंडच उघडंना. म्हनलं, जाईल निभून. ही इसरली न्हवती. हिनं फकस्त…" पुढचं त्याला आलं नाही.

बाहेर तळावर कंटेनर रिव्हर्स येत होता. पिप-पिप. आबाजी पाटाकडं बघत बसले होते. त्यांचा जबडा हलत होता, तोंडात काही नसताना. जयमालाला वाटलं आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मेलेल्या झाडांसाठी, वारलेल्या मिस्त्रीसाठी, प्रेसखाली गेलेल्या बोटांसाठी, कुणासाठी तरी कुणी तरी मोठ्यानं ओरडायला हवं होतं त्या घरात.

आबाजींनी हात पुढं केला. चाचपत विळा शोधला आणि तो थोडा पलीकडं सरकवला. लॉकला पाटावर जागा झाली.

"सूनबाई," ते म्हणाले. "फूल दे एक. बारकं बघून दे. त्याच्यावर ऱ्हाईल असं."

जयमालानं परातीत बघितलं. सगळीच बारकी होती. तिनं एक उचललं आणि सासऱ्यांच्या तळव्यावर ठेवलं.